डस्की या शब्दाचा अर्थ

मला राग आला की माझं इंग्रजी सुधारतं, असं माझी भाची म्हणते. बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मोबाइल कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलताना मी एकदम इंग्रजीत शिरते आणि समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो. ती हे चारचौघांत कौतुकानं सांगते. मला ते कौतुक सहन होत नाही. हे मी कुठे शिकले आणि ते शिकताना घरातल्या कुणाचं काय गेलं, हे तिला माहीत नाही. राग निवळला की शांतपणे लिहीन म्हणून मी पुष्कळ वर्षं थांबले. नोकरी झाली, निवृत्ती झाली, गुडघे गेले, राग आहे तिथेच आहे. तेव्हा आता त्याच्यासकट लिहिते.

आम्ही डोंबिवलीला पूर्वेकडे, मानपाडा रस्त्याच्या आतल्या अंगाला एका बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, पुढे पडवीसारखा अरुंद कट्टा, मागे सामायिक नळ. बाबा ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्यांच्या हातांना कायम डिझेलचा वास यायचा. जेवायला बसण्याआधी ते साबणाच्या वडीनं कोपरापर्यंत हात घासायचे, तरी भाताला तो वास लागतोच असं आई म्हणायची. आई एका पोळीभाजी केंद्राला पोळ्या करून द्यायची. नोकरी करणाऱ्या बायका संध्याकाळी स्टेशनवरून उतरल्या की त्या केंद्रापुढे रांग लावायच्या, आणि त्यांच्या पिशव्यांत जे मऊसूत पुडकं जायचं ते आमच्या घरात, आमच्या स्टोव्हसमोर तयार झालेलं असायचं. मी जागी व्हायची ती लाटण्याच्या आवाजानं. पोळपाटाचा एक पाय किंचित आखूड होता, त्यामुळे लाटणं पुढे गेलं की एक ठोका आणि मागे आलं की दुसरा, मधे बांगड्यांची किणकिण. आई पोळीची घडी घालायची तेव्हा तिची बोटं कणकेवर टेकल्यासारखी वाटायचीच नाहीत. तेलाचं बोट फिरवलं, दुमडली, पुन्हा दुमडली, पीठ लावलं, संपलं. मी कितीतरी वेळा बघत बसून ते शिकायचा प्रयत्न केला. माझ्या पोळीचा नकाशा व्हायचा आणि आई म्हणायची, "ऱ्हवांदे चेडवा, तू शिक. पोळयो करूक मी आसंय."

आई कणकवलीकडची. लग्न होऊन इतकी वर्षं डोंबिवलीत राहिली तरी तिची बोली काही सुटली नाही. शेजारणी तिच्याशी बोलताना गालात हसायच्या, पण तिनं केलेली कुळथाची पिठी वाटीतून न्यायला त्याच यायच्या. रविवारी पिठी, भात आणि स्टोव्हवर भाजलेला सुका बांगडा असा बेत असला की पलीकडच्या बिऱ्हाडाची खिडकी धाडकन लागायची. आईला त्याचं काही वाटायचं नाही. बाबांना वाटायचं. बाबा बाहेर वेगळं मराठी बोलायचे, घासूनपुसून, आणि शिकलेल्या माणसासमोर तर त्यांचे खांदेसुद्धा थोडे आत जायचे. बंद पडलेल्या गाडीखाली झोपून तिच्या इंजिनाला शिव्या घालणारा हा माणूस शाळेच्या मास्तरांपुढे, बँकेतल्या क्लार्कपुढे, औषधाच्या दुकानदारापुढेसुद्धा "हो साहेब, हो साहेब" करायचा. तेव्हा मला ती नम्रता वाटायची. आम्हाला शिकवलंच होतं तसं.

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत पहिल्या तिघींत असायची. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका आठवड्यात मी ढ झाले. सगळं इंग्रजीत. शिकवणारे बोलायचे ते अर्धं कळायचं, उरलेलं अर्धं मी वहीत मराठी अक्षरांत उतरवून घरी डिक्शनरीत शोधायची. इंग्रजीच्या मॅडम रोज तासाच्या सुरुवातीला फळ्याच्या कोपऱ्यात एक शब्द लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यावर एक वाक्य लिहून आणायला सांगायच्या. एकदा त्यांनी लिहिलं, डस्की. त्या दिवशी मी डिक्शनरी उघडलीच नाही, कारण मला वाटलं हा शब्द आपल्याला येतो. डस्ट म्हणजे धूळ, तेव्हा डस्की म्हणजे धुळकट. मी वाक्य लिहिलं, 'द रोड्स ऑफ डोंबिवली आर व्हेरी डस्की.' मॅडमनी वह्या चाळता चाळता माझी बाजूला काढली आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. पुढच्या बाकांवरची इंग्रजी शाळांतली मुलं आधी हसली. मागची, ज्यांना मला कळलं होतं तेवढंही कळलं नव्हतं, ती त्यांच्यामागोमाग हसली.

मग मॅडमनी अर्थ सांगितला, आणि तो चांगला सांगितला, हे मला कबूल केलं पाहिजे. डस्क म्हणजे तिन्हीसांज. दिवस मावळलेला असतो, पण पुरता अंधार झालेला नसतो, तेव्हा वस्तूंवर जो रंग चढतो तो डस्की. काळा नव्हे, निळा नव्हे, राखाडीही नव्हे, त्यांच्या मधला, उजेड निघून चाललाय असं सांगणारा. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांना आणखी सोपं करून सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, माणसाच्या वर्णालाही हा शब्द वापरतात, आणि उदाहरणासाठी त्यांची नजर वर्गावरून फिरत फिरत माझ्यापाशी थांबली. "लाइक हर," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट नसेलही. वर्गाच्या मनात होतं. पुढचे कित्येक दिवस मी जिन्यावरून जाताना कुणीतरी मागून हळूच म्हणायचं, "ए डस्की." मी वहीत शब्द लिहिला, समोर अर्थ लिहिला, आणि इतक्या जोरात अधोरेखित केला की पेन कागदातून आरपार गेलं. आज भाचीच्या मैत्रिणी स्वतःच्या फोटोंखाली हाच शब्द कौतुकानं लिहितात. लिहोत बापड्या. मला मात्र तो अजूनही जिन्यावरून ऐकू येतो.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. सकाळी नळाला पाणी आलं होतं, आई हंडा भरून मागच्या पायऱ्या चढत होती आणि शेवाळावर तिचा पाय सटकला. हंडा आधी पडला, त्याच्यावर ती, आणि सगळा भार उजव्या हातावर. बाबा ड्यूटीवर निघून गेले होते. मी आणि शेजारची काकू तिला रिक्षात घालून घेऊन गेलो. स्टेशनच्या अलीकडे हाडांचं एक खाजगी हॉस्पिटल होतं, वर वॉर्ड आणि खाली ओपीडी. डॉक्टर हुशार म्हणून गाजलेले, चांगले मराठी बोलणारे, आमच्यासारखेच कधीतरी कुठल्यातरी गावाहून आलेले असावेत. फोटो काढला, मनगटापाशी हाड मोडलं होतं. आईच्या बांगड्या कापल्या तेव्हा ती रडली, हाड जागेवर बसवताना रडली नाही. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर घातलं. "सूज येईल, हात उंच ठेवा, थोडं दुखेल," डॉक्टर म्हणाले. आम्ही दहा वाजता घरी होतो.

थोडं दुखेल म्हणून आई दुपारपर्यंत काही बोलली नाही. तीनच्या सुमाराला तिनं मला हाक मारली. तिच्या कपाळावर घाम होता. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं कणकेच्या गोळ्यांसारखी टम्म झाली होती आणि त्यांचा रंग गेला होता. रंग गेला म्हणजे पांढरी पडली नव्हती. काळवंडली होती. "बोटां माझी मरान गेली गो," ती म्हणाली. मी बोटाला हात लावला तर थंडगार. बोट सरळ करायला गेले तर आई अशी ओरडली की बाहेर खेळणारी पोरं दारात येऊन उभी राहिली. लग्न होऊन गेलेल्या ताईचं आणि माझं, दोन्ही बाळंतपणं घरात काढलेली, तव्याचे चटके मोजायचं सोडून दिलेली बाई होती ती.

संध्याकाळी बाबा आले तसे आम्ही तिघं पुन्हा हॉस्पिटलात गेलो. ओपीडी भरलेली होती. तासाभरानं आत सोडलं. डॉक्टर टेबलापलीकडे बसले होते, आम्ही अलीकडे. आईनं हात पुढे केला आणि तिच्या बोलीत, तिला येत होतं तसं, अगदी स्पष्ट सांगितलं, "डाक्टर, बोटां काळी पडली माझी. थंड पडली. मरान गेली."

डॉक्टर हसले. "मावशी, बोटं अशी मरत नसतात."

"काळी पडली हत, बघा तरी."

त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच बघितलं. "अहो, रंग तुमचा मुळातलाच आहे. त्याला मी काय करणार? प्लास्टरनं कुणी गोरं होत नाही."

बाजूला उभी असलेली सिस्टर खुदकन हसली. आणि बाबा हसले. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. माझे बाबा हसले. मोठ्यानं नाही, डॉक्टरांच्या विनोदाला दाद दिल्यासारखे, खांदे आत घेऊन. आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि हात मांडीवर घेतला.

"डॉक्टर, पण सकाळी अशी नव्हती," मी म्हणाले.

"सूज आहे ती. बायका घाबरतात. दुखण्याची गोळी वाढवून देतो, उद्या नाही बरं वाटलं तर या." त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं, बेल दाबली. हाताला हात लावला नाही. नखाला बोट लावलं नाही. दोन सेकंदांचं काम होतं. पुढे आयुष्यभर मी नर्सिंगच्या मुलींना तेच दोन सेकंदांचं काम शिकवलं: नख दाबा, सोडा, गुलाबी रंग किती वेळानं परत येतो ते बघा. एखादी मुलगी ते करायला विसरली की मी इतकी चिडायची की मुली मला मागून कडक लक्ष्मी म्हणायच्या. म्हणू देत.

त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही, एवढंच सांगते. उजाडल्यावर मी आईचे दोन्ही हात माझ्या मांडीवर शेजारी शेजारी घेतले. डॉक्टर म्हणाले होते, रंग मुळातलाच आहे. मला खात्री करून घ्यायची होती. डावा हात तिचा नेहमीचा, सावळा, कडेला तव्याचे जुने डाग. पण नखं गुलाबी. सावळ्या माणसाचीसुद्धा नखं गुलाबीच असतात, ही गोष्ट मी त्या सकाळपर्यंत कधी लक्ष देऊन पाहिली नव्हती, आणि त्या शिकलेल्या माणसानं पाहिलेली असून पाहिली नव्हती. मी डावं नख दाबलं, पांढरं झालं, सोडलं, गुलाबी झालं. उजवं दाबलं. काही झालं नाही. नखांखाली एक रंग बसला होता, काळा नव्हे, निळा नव्हे, राखाडी नव्हे. उजेड निघून चालला होता. मला तो शब्द आठवावा लागला नाही, तो समोर होता.

बाबांनी त्या दिवशी खाडा केला. आम्ही आठ वाजता हॉस्पिटलात पोहोचलो. काउंटरवर एक बाई होती. ती म्हणाली, डॉक्टर वर राउंडला आहेत, नंतर ऑपरेशन आहे, ओपीडी अकराला, नंबर लावून बसा. मी सांगितलं, आईची बोटं काळी पडलीत. ती म्हणाली, "काल संध्याकाळी तुम्हीच आलेलात ना? डॉक्टरांनी बघितलंय." बाबा म्हणाले, "बसू या गो. अकराला येतील साहेब." आई बाकावर डोळे मिटून बसली होती, उजवा हात डाव्या हातानं उचलून धरलेला, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे आणि तिला सांभाळायला दिलाय. तिचे ओठ सुकले होते. मला एकदम कळलं की मराठीत मी कितीही वेळा सांगितलं तरी या इमारतीत ते रडगाणंच ठरणार आहे.

कॉलेजची पिशवी माझ्या खांद्याला होती, कारण तिथूनच कॉलेजला जाईन असं मला वेड्यासारखं वाटलं होतं. मी फिजिक्सच्या जर्नलचं पान फाडलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. व्याकरणाची चूक होऊ नये म्हणून वाक्यं लहान लहान ठेवली. 'राइट हँड फिंगर्स आर डस्की अँड कोल्ड. लेफ्ट हँड फिंगर्स आर नॉट. आय प्रेस्ड द नेल्स. राइट नेल्स डू नॉट बिकम पिंक. शी कॅनॉट मूव्ह फिंगर्स सिन्स यस्टरडे थ्री ओक्लॉक. प्लीज सी अर्जंटली.' खाली आईचं नाव. 

काउंटरवरच्या बाईनं चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे वर मान करून बघितलं. पहिल्यांदाच. "तू लिहिलंस? इंग्लिश मीडियमची का?"

"हो," मी म्हणाले. माझ्या शाळेला, माझ्या बाईंना, सगळ्यांना मी त्या एका शब्दात सोडून दिलं.

बाई उठली आणि चिठ्ठी घेऊन स्वतः जिना चढून गेली. पाच मिनिटं झाली नसतील, डॉक्टर खाली आले. चालत नव्हे, धावत. त्यांच्या हातात माझं जर्नलचं पान होतं. बाकासमोर ते खाली बसले, आईचा हात घेतला, नख दाबलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. तो बदल मी विसरलेले नाही. मग सगळं भराभर झालं. आईला आत नेलं, करवतीचा आवाज आला, प्लास्टर उभं चिरलं, आतला कापूस, आतली पट्टी, सगळं कातडीपर्यंत कापलं. डॉक्टर सिस्टरवर इंग्रजीत ओरडत होते. आईचा आवाज एकदा आला, मग आला नाही. तासाभरानं मला आत बोलावलं. फुगलेला हात उघडा पडला होता, त्यावर फोड आले होते, आणि तीन नखांत, अगदी हळूहळू, रंग येत होता.

डॉक्टर बेसिनवर हात धूत होते. आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाले, "गुड ऑब्झर्व्हेशन. डस्की इज एक्झॅक्टली द वर्ड. सायन्सला आहेस का?"

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. आई तिथे पडली होती आणि एका मोठ्या माणसानं माझं इंग्रजी बरोबर म्हटल्याचा आनंद माझ्या अंगातून सरकन गेला. त्या क्षणाबद्दल मला डॉक्टरांचा जेवढा राग येतो त्याहून जास्त माझा येतो.

मग बाबा आत आले. डॉक्टर त्यांना म्हणाले, "हात वाचला. पण यायला तुम्ही थोडा उशीर केलात. काही स्नायूंना रक्त मिळालेलं नाही. दोन बोटं कितपत सुटतील, सांगता येत नाही."

"उशीर केला नाही आम्ही," मी म्हणाले. "काल संध्याकाळी इथेच आलेलो. तुम्ही बघितलं नाही."

"काल बोटं ठीक होती."

"नव्हती."

"पोरी, गप्प," बाबा म्हणाले, आणि डॉक्टरांना म्हणाले, "लहान आहे साहेब, घाबरलीय."

केसपेपर माझ्याकडे अजून आहे. ठाण्याला घर बदललं तेव्हा पुष्कळ कागद टाकले, तो टाकला नाही. आदल्या संध्याकाळची नोंद त्यावर दोन शब्दांची आहे, पेन आणि रिअॅशुअर्ड. वेदना होत्या, धीर दिला. नर्सिंगला गेल्यावर मला ती नोंद वाचता आली. काळी पडली, थंड पडली, मरान गेली, हे आईनं सांगितलेलं काहीही त्यावर नाही. ती बोललीच नव्हती, असा तो कागद आहे. गेल्या वर्षी गुडघ्यासाठी मी इकडच्या एका मोठ्या, काचेच्या हॉस्पिटलात बसले होते. शेजारी दिवा स्टेशनकडून आलेली एक म्हातारी होती. ती तरुण डॉक्टरला सांगत होती, छातीत कुणी बसल्यागत होतंय, आणि तो कॉम्प्युटरकडे बघत विचारत होता, "आजी, एक ते दहामध्ये किती?" ती पुन्हा म्हणाली, बसल्यागत होतंय. मी उठले, आणि जे माझी भाची कौतुकानं सांगते ते केलं. डॉक्टर सरळ झाला. आजीचा कार्डिओग्राम पाच मिनिटांत निघाला.  मला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं.

आईचं मधलं बोट आणि अनामिका, अशी दोन बोटं कायमची आत वळली. मालिश केली, गरम पाण्यात हात बुडवले, कल्याणला एका बाईंकडे व्यायामासाठी तीन महिने नेलं. तेवढ्यात केंद्रानं पोळ्यांसाठी दुसरी बाई बघितली, त्यांनाही रांग थांबवता येत नव्हती. घरात सकाळचा आवाज बंद झाला. मला गजरानं उठावं लागायला लागलं.

आणि बाबांनी काय केलं, तर सूज उतरल्यावर पुन्हा घातलेलं प्लास्टर निघालं त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मला वाटलं आईसाठी. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "डॉक्टरांना देऊन येतो. हात वाचवला त्यांनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुडा त्यांच्या हातातून ओढला. "कसले पेढे? त्या माणसानं हाताला हात लावला नाही! तुम्ही हसलात त्याच्याबरोबर, बाबा. तो आईच्या रंगावर बोलला आणि तुम्ही हसलात!"

बाबांनी आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला. मारला नाही. हवेत थांबलेला तो हात मला दिसतो, काळ्या तेलाच्या रेघा असलेला. "मोठ्या माणसांशी वाकडं घेऊन चालत नाय आपल्याला," ते म्हणाले. "उद्या परत गरज लागली तर? तू शिकलीस म्हणून तुला जास्त कळतं?" पुडा उचलून ते गेले. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.  त्यानंतर मी बाबांशी कितीतरी आठवडे बोलले नाही. ते जेवायला बसले की मी उठायची.

दिवस गेले तशी आई डाव्या हातानं लाटायला शिकली. उजव्या तळहाताची कड लाटण्यावर दाबायची आणि डाव्या हातानं ते फिरवायची. पोळी लांबट व्हायची, घडी सुटायची. घरापुरत्या चार पोळ्या करताना तिला कपाळ पुसायला थांबावं लागायचं. एका सकाळी ती अशीच लाटत होती. मी भिंतीला टेकून इंग्रजीची वही घेऊन बसले होते, चाचणी होती. बाबा खाटेवर बसून ड्यूटीला जायचे बूट घालत होते. आईनं लाटणं न थांबवता मला विचारलं, "त्या दिवशी चिठयेत तू लिवलंस काय गो? तो डाक्टर असो धावत इलो तो?"

इतक्या दिवसांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं होतं. "डस्की लिहिलं होतं, आई."

"म्हणजे काय?"

मी तिला मॅडमसारखं तिन्हीसांजेचं सांगायला लागले. सूर्य मावळलेला असतो, पण अंधार झालेला नसतो. सांगता सांगता माझं मलाच ते इतकं खोटं वाटायला लागलं की मी थांबले. "काळी पडलेली, आई," मी म्हणाले. "बोटं काळी पडलीत, एवढंच."

लाटणं थांबलं.

"काळी पडली?"

"हो."

"मगे मी काय सांगत होतंय त्येका?"

मी वहीत बघत राहिले. वर बघितलं तेव्हा कळलं की तिनं ते मला विचारलंच नव्हतं. ती बाबांकडे बघत होती. बाबा एका पायात बूट घालून, दुसरा हातात धरून बसले होते, आणि आई कणकेनं भरलेला तो वाकडा हात त्यांच्यासमोर तसाच धरून पुन्हा विचारत होती, "आदल्या सांजेक, तुमच्या समोर, मी काय सांगत होतंय?"